स्कॉट जॉप्लिन : रॅगटाइमचा शिल्पकार

अमेरिकेतील गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच टेक्सास राज्यात एका कृष्णवर्णीय कुटुंबात स्कॉट जॉप्लिन यांचा जन्म झाला. वडील पूर्वाश्रमीचे गुलाम. आई लोकांच्या घरी साफसफाई करी. आई कामाला जाई त्या घरच्या पियानोवर या मुलाची बोटे प्रथम फिरली. ज्युलियस वाइस या जर्मन शिक्षकाने त्याचे गुण हेरले व मोबदला न घेता त्याला युरोपीय संगीताचे धडे दिले.

पुढे मिसूरीतील सेडेलिया गावी जॉप्लिन रॅगटाइम वाजवू लागले. डाव्या हाताचा ठेका अढळ आणि उजव्या हाताची सुरावट त्या ठेक्याला हुलकावणी देत नाचणारी, हे या संगीताचे मर्म. मद्यालयांत वाजते म्हणून प्रतिष्ठित लोक त्याला हलके मानीत. जॉप्लिन यांनी त्याला काटेकोर स्वरलिपीत बांधले. ते भरधाव वाजवू नये, अशी सूचनाही आपल्या रचनांवर छापली. १८९९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मेपल लीफ रॅग’ने त्यांना कीर्ती दिली आणि करारानुसार प्रत्येक प्रतीमागे एक सेंट.

त्या काळी घरोघरी आपोआप वाजणारे पियानो आले होते. पायाने भाता चालवला की छिद्रे पाडलेली कागदी गुंडाळी सरके, छिद्रांतून हवा वाहे आणि पट्ट्या दबत. १९१६ साली जॉप्लिन यांनी स्वतः वाजवून अशा काही गुंडाळ्या तयार केल्या. आजाराने तेव्हा त्यांचे हात थकले होते. तरीही त्यांच्या वादनाची तेवढीच खूण आज उरली आहे.

त्यांचा जीव मात्र ‘ट्रीमोनिशा’ या संगीतिकेत गुंतला होता. तिची नायिका एक कृष्णवर्णीय मुलगी आहे. तिला अक्षरे शिकवावीत म्हणून तिची आई शिक्षिकेचे कपडे धुते, वडील लाकडे फोडतात. शिकलेली ती मुलगी आपल्या वस्तीला अंधश्रद्धेतून बाहेर काढते आणि लोक तिलाच नेता निवडतात. १९११ साली जॉप्लिन यांनी ही संगीतिका स्वखर्चाने छापली. १९१५ साली हार्लेममध्ये नेपथ्याविना, वाद्यवृंदाविना, केवळ स्वतःच्या पियानोच्या साथीने तिचा प्रयोग केला. त्याला प्रतिसाद मिळाला नाही. १ एप्रिल १९१७ रोजी न्यूयॉर्कच्या मनोरुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्यांच्या थडग्यावर नावाची शिळा लागायला १९७४ साल उजाडले.

१९७२ साली अटलांटात ‘ट्रीमोनिशा’ रंगमंचावर आली. १९७६ साली त्यांना मरणोत्तर पुलित्झर सन्मान मिळाला. आज सेडेलियात त्यांच्या नावाने महोत्सव भरतो, श्रोते रॅगटाइम प्रत्यक्ष ऐकतात आणि नकळत पायाने ठेका धरतात. त्या आनंदामागे घरकाम करणारी एक आई आणि मोबदला न घेता शिकवणारा एक शिक्षक उभा आहे.