डॉक्टर तालिमेरेन आओ

भारताच्या ईशान्य कोपऱ्यात नागा टेकड्या आहेत. दाट अरण्ये, खोल दऱ्या आणि डोंगरमाथ्यांवर वसलेली खेडी, असा हा मुलूख. तेथील चांगकी या गावी २८ जानेवारी १९१८ रोजी तालिमेरेन आओ यांचा जन्म झाला. नागा लोकांच्या अनेक जमातींपैकी आओ ही एक जमात होय. तालिमेरेन यांचे वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक होते.

लहानपणापासून तालिमेरेन यांना फुटबॉलचे विलक्षण वेड. खरा चेंडू मिळणे कठीण. तेव्हा चिंध्यांचा चेंडू करून ही डोंगरातील मुले खेळत. चेंडूवर ताबा ठेवण्याची कला त्यांच्या अंगी तेथेच बाणली.

त्या काळी डोंगरी खेड्यांत डॉक्टर दुर्मीळ होते. साधा ताप आला तरी माणसे दगावत. आपल्या मुलाने डॉक्टर व्हावे आणि आपल्या लोकांची सेवा करावी, अशी वडिलांची इच्छा होती. पुढे १९३५ साली विषमज्वराने वडिलांचेच निधन झाले. त्यांची ती इच्छा मुलाने मात्र मनात जपून ठेवली.

गुवाहाटी येथील कॉटन महाविद्यालयात शिकत असताना खेळाडू म्हणून त्यांचे नाव झाले. नंतर कलकत्त्याच्या कारमायकेल वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला. कलकत्ता ही तर फुटबॉलची नगरी! तेथील विख्यात मोहन बागान संघात ते दाखल झाले आणि लवकरच त्याचे कर्णधारही झाले. प्रतिस्पर्ध्यांचे हल्ले मधल्या फळीतच अडवून धरण्यात त्यांचा हातखंडा होता. एकीकडे जाडजूड वैद्यकीय ग्रंथ आणि दुसरीकडे मैदान, अशी दुहेरी तपश्चर्या त्यांनी कित्येक वर्षे केली.

१९४८ साली लंडन येथे ऑलिंपिक सामने भरले. भारताला स्वातंत्र्य मिळून अद्याप एक वर्षही पुरे झाले नव्हते. भारतीय फुटबॉल संघाचे नेतृत्व तालिमेरेन यांच्याकडे आले. इतकेच नव्हे, तर उद्घाटनाच्या संचलनात स्वतंत्र भारताचा तिरंगा वाहून नेण्याचा मानही त्यांनाच मिळाला. ३१ जुलै रोजी भारताची गाठ फ्रान्सशी पडली. बूट घालून खेळणाऱ्या फ्रेंचांपुढे बहुतेक भारतीय खेळाडू अनवाणीच उतरले होते. तरीही त्यांनी कडवी झुंज दिली. भारताच्या दोन पेनल्टी वाया गेल्या आणि अगदी शेवटच्या क्षणी गोल करून फ्रान्सने २–१ असा निसटता विजय मिळवला. भारत हरला, परंतु त्याच्या खेळाने प्रेक्षकांची मने जिंकली.

लंडनच्या आर्सेनल या नामांकित क्लबाने तालिमेरेन यांना आपल्या संघात खेळण्यास बोलावले होते, असे सांगतात. कीर्ती आणि पैसा दोन्ही समोर चालून आली होती. पण डॉक्टर होण्याचा त्यांचा निश्चय ढळला नाही. मायदेशी परतून त्यांनी राहिलेले शिक्षण पूर्ण केले आणि ज्या खेळाने देशभर नाव दिले, त्याचा निरोप घेतला. कलकत्त्यासारखे मोठे शहरही त्यांनी सोडले. १९५३ साली कोहिमा येथील सरकारी रुग्णालयात ते रुजू झाले. प्रेक्षकांच्या टाळ्यांऐवजी आता रुग्णांचे कण्हणे त्यांच्या कानी पडू लागले. हे काम त्यांनी आनंदाने पत्करले.

१९६३ साली नागालँड हे वेगळे राज्य झाले. पुढे त्या राज्याच्या आरोग्यसेवेचे संचालकपद डॉक्टर आओ यांनी भूषविले आणि १९७८ साली ते निवृत्त झाले. १३ सप्टेंबर १९९८ रोजी त्यांचे निधन झाले.

डॉक्टर आओ यांचे खेळावर प्रेम नव्हते, असे कोण म्हणेल? परंतु माणसाला प्रिय असलेल्या दोन गोष्टींपैकी एकीचीच निवड करण्याची वेळ कधीकधी येते. त्या वेळी आपली गरज सर्वांत अधिक कोणाला आहे, हे त्यांनी पाहिले आणि त्या दिशेने ते निघाले. म्हणूनच नागा टेकड्यांतील लोक भारताच्या या पहिल्या ऑलिंपिक फुटबॉल कर्णधाराला डॉक्टर म्हणूनही तितक्याच आदराने स्मरतात.