नाथांच्या घरची पोथी

फाल्गुन वद्य षष्ठी आली की पैठणच्या वाटा माणसांनी भरून जातात. दिंड्या येतात, गोदामाईत स्नाने होतात, काल्याची हंडी फुटते आणि भाविक मंडळी नाथांचे नाव घेत आपापल्या घरी परततात. श्रीएकनाथमहाराजांचे चरित्र आपण सर्वांनी कीर्तनांतून अनेकवार ऐकले आहे. काशीची कावड तहानेल्या गाढवाच्या मुखी रिकामी केली, वाळवंटात पोळणारे पोर कडेवर घेतले, अंगावर थुंकणाऱ्यावरही राग धरला नाही, ह्या कथा लहान पोरांनासुद्धा ठाऊक आहेत. त्या आज मी पुन्हा सांगत नाही. आज सांगायचे आहे ते नाथांच्या घरातल्या पोथीविषयी. त्या घरात रोज पोथी वाचली जात असे, ती एके काळी बंद पडली आणि पुन्हा सुरू झाली. एवढीच कथा. पण प्रपंचात गांजलेल्या माणसाने ती नीट ऐकण्यासारखी आहे.

नाथांचा जन्म इ.स. १५३३ च्या सुमारास पैठणास झाला. कूळ भानुदासांचे. विजयनगराकडे गेलेली श्रीविठ्ठलाची मूर्ती पंढरीस परत आणली ते हे भानुदास, असे परंपरा सांगते. त्यांचे पुत्र चक्रपाणी, चक्रपाणींचे सूर्यनारायण आणि सूर्यनारायणांचे एकनाथ. बाळ अंगणात रांगायच्या आत आई रुक्मिणी आणि वडील दोघेही गेले. म्हाताऱ्या आजा-आजींनी पोर वाढवले. आईबापाविना वाढलेले हे पोर पुढे सगळ्या गावाला आपल्या ओसरीवर बसवील, असे तेव्हा कोणास वाटले असेल? पण झाले खरे तसे.

वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास एकनाथ देवगिरीस जनार्दनस्वामींकडे गेले. स्वामी किल्ल्याचे अधिकारी. दिवसा कारभार आणि पहाटे ज्ञानेश्वरी व अमृतानुभव, असा त्यांचा नेम. राजकारणाच्या धामधुमीत बसलेल्या त्या माणसाने पोथी कधी सोडली नाही. फुरसत मिळाली म्हणून वाचले असे नव्हे, फुरसत नव्हती म्हणूनच वेळ बांधून घेतली होती. नाथांनी गुरुगृही पहिला धडा गिरवला तो हा.

पुढे गुरुशिष्य तीर्थयात्रेस निघाले. वाटेत चंद्रभट नावाच्या ब्राह्मणाच्या मुखातून चतुःश्लोकी भागवताचे विवरण त्यांनी ऐकले. ते ऐकून स्वामींनी आज्ञा केली, की ह्यावर मराठीत टीका करावी. नाथांचा पहिला ग्रंथ असा जन्मास आला. पाहा बरं, आधी कोणी तरी वाचले, कोणी तरी ऐकले, आणि त्या ऐकण्यातून ग्रंथ झाला. नाथांच्या सगळ्या वाङ्मयाचे मूळ हे असे कानात आहे.

पैठणास परत आल्यावर विजापूरकडच्या गिरिजाबाईंशी नाथांचा विवाह झाला. चरित्रकार नाथांची दिनचर्या सांगतात ती अशी. पहाटे उठून चिंतन, गोदास्नान, देवपूजा, मध्यान्ही अतिथीसह भोजन, दुपारी पोथी आणि रात्री कीर्तन. दुपारची पोथी म्हणजे कधी भागवत, कधी ज्ञानेश्वरी, आणि तिचा अर्थ मराठीत. ऐकायला कोण? गिरिजाबाई, घरचा सगळा भार वाहणारा उद्धव, लेकीबाळी, आलागेला पाहुणा, शेजारपाजार, आणि उंबऱ्याबाहेर उभा राहिलेला, ज्याला इतर ठिकाणी कोणी उभे करत नव्हते असा माणूससुद्धा. आणि हे घर काही सुखाने निवांत बसलेले नव्हते बरं का. दारी रोज अन्नार्थी, गावात निंदक, वर वाळीत टाकण्याची भीती. तरी दुपार झाली की पोथी सुटायची.

ह्याच रिवाजातून एकनाथी भागवत झाले. पहिले ५ अध्याय पैठणास लिहिले गेले. त्यांची वार्ता काशीस पोहोचली, आणि भागवतावर प्राकृतात टीका केल्याचा जाब देण्यासाठी नाथांना तिकडे जावे लागले, असे चरित्रात आहे. तिथल्याच पंडितांच्या देखत उरलेले अध्याय झाले. भागवताच्या एकादश स्कंधाचे ३१ अध्याय, त्यांवर १८,००० हून अधिक ओव्या, आणि समाप्ती शके १४९५ मध्ये, म्हणजे इ.स. १५७३ च्या कार्तिकी पौर्णिमेस. शेवटी त्याच काशीने ग्रंथ मस्तकी धरला. पुढे शके १५०६ मध्ये, इ.स. १५८४ साली, नाथांनी ज्ञानेश्वरीच्या निरनिराळ्या प्रती ताडून पाहिल्या आणि शुद्ध प्रत सिद्ध केली. तीनशे वर्षे लोक ज्ञानेश्वरी उतरून घेत होते, म्हणत होते. हातोहाती, तोंडोतोंडी पाठ बिघडले होते. घरोघर वाचायचे तर पाठ शुद्ध हवा, म्हणून हा खटाटोप.

असो. बाहेरचे पंडित वळले. पण खरी परीक्षा घरातच व्हायची होती.

नाथांचे चिरंजीव हरिपंडित. मोठे विद्वान, व्याकरणशास्त्रात मुरलेले. त्यांना वडिलांची चाल रुचेना. शास्त्र सांगायचे ते देववाणीत सांगावे, प्राकृतात सांगून त्याची मर्यादा का उतरवावी? आणि वाटेल त्याच्या घरी अन्न का घ्यावे? हरिपंडितांना आपण कीर्तनात फार लवकर दोष देतो. मी स्वतः पाठशाळेत वाढलो, रूपे आणि सूत्रे घोकून लहानाचा मोठा झालो. हरिपंडितांच्या मनातली कळ मी ओळखतो. ज्या विद्येसाठी उमेदीची वर्षे घातली ती चव्हाट्यावर स्वस्त होते आहे असे वाटले की माणूस दुखावतो. ते दुष्ट नव्हते. त्यांचे प्रेम ग्रंथावर होते, ऐकणाऱ्यावर जडायचे राहिले होते.

हरिपंडित रुसून काशीस निघून गेले. घर उदास झाले. गिरिजामाईच्या जिवाची काय अवस्था झाली असेल, ती आईच जाणे. काही काळाने नाथ स्वतः काशीस गेले आणि मुलाला परत चला म्हणाले. मुलाने दोन अटी घातल्या. नाथांनी परान्न घेऊ नये, आणि प्राकृतात पुराण सांगू नये. नाथांनी दोन्ही मान्य केल्या.

इथे क्षणभर थांबावे. ज्या पुरुषाने काशीच्या पंडितसभेपुढे मराठीची बाजू सोडली नाही, त्याने मुलापुढे सोडली. का? वाद जिंकला असता, पण मुलगा परका झाला असता. ज्या घरात एकत्र बसून वाचायचे ते घरच मोडले तर पोथी कोणासमोर सोडायची? म्हणून नाथ गप्प राहिले. शांतिब्रह्म म्हणतात ते उगाच नव्हे.

आता पुराण हरिपंडित सांगू लागले. पाठ शुद्ध, शास्त्रार्थ चोख, उणे काढायला जागा नाही. पण दिवसेंदिवस श्रोते गळू लागले. पहिल्याने बायका येईनाशा झाल्या, मग कुणबी-माळी, मग शेजारी. कोणी भांडले नाही, कोणी निंदा केली नाही. कळत नव्हते, म्हणून यायचे थांबले. जी ओसरी माणसांना पुरत नसे ती मोकळी पडली. मुलगा घरी आला होता, घर भरले होते, आणि पोथी मात्र एकटी पडली होती.

तेवढ्यात एक गरीब बाई नाथांकडे आली. पती असताना सहस्रभोजनाचा संकल्प केला होता, आता दारिद्र्य आले आणि संकल्प तसाच राहिला. एक नाथ जेवले तर आपले सहस्र फेडले, अशी तिची श्रद्धा. परान्न न घेण्याचे वचन होते, म्हणून हरिपंडितांनी तिच्या घरी जाऊन स्वहस्ते स्वयंपाक केला आणि वडिलांना वाढले. जेवण झाल्यावर ते पत्रावळ उचलू लागले, तो खाली दुसरी पत्रावळ! ती उचलावी तो तिसरी! अशा सहस्र पत्रावळी निघाल्या, असे भक्तमंडळी सांगतात. हरिपंडितांचा अभिमान तिथे गळाला. त्यांनी वडिलांचे पाय धरले आणि पुराण पूर्ववत सांगावे अशी विनंती केली. दुसऱ्या दिवसापासून ओसरी पुन्हा भरली. मला ह्या कथेत आणखी एक गोष्ट दिसते. वाकून, उष्टी काढायला बसल्यावर त्या विद्वानाला कळले, की पंक्तीत शेवटी बसलेल्यापर्यंत वाढायचे असते. अन्नाचे जे आहे तेच पोथीचेही आहे.

आता त्या ओसरीवरचा शेवटचा श्रोता पाहा. गावबा नावाचे एक पोर नाथांच्या घरी वाढले. बुद्धी जड, पुरणपोळीचा भारी नाद. नाथांच्या घरी रोज पुरण मिळते म्हणून ते राहिले. मंत्र द्यावा तर एकनाथ ह्या नावावाचून दुसरे काही जिभेवर चढेना. शास्त्र शिकवण्यासारखे ते पोर नव्हते. पण ते घरात वावरत होते, आणि घरात रोज पोथी होती. पाणी भरताना, पत्रावळी मांडताना कानावर पडत होती.

नाथांच्या उत्तरायुष्यात काळ कठीण आला. इ.स. १५९५ साली मोगल फौजेने अहमदनगरला वेढा घातला, चांदबिबीने तो किल्ला झुंजवला, सगळ्या निजामशाही मुलुखात गडबड उडाली. अशा त्या वर्षांत नाथांचे भावार्थ रामायण चालले होते. युद्धकांडाचे ४४ अध्याय झाले आणि इ.स. १५९९ मध्ये, फाल्गुन वद्य षष्ठीस, नाथांनी गोदावरीत देह ठेवला. ग्रंथ अपुरा राहिला. तो पुढे पुरा केला कोणी? शास्त्री-पंडितांनी नव्हे, गावबाने, असे परंपरा सांगते. आपण त्याला नाथांच्या कृपेचा चमत्कार म्हणतो, आणि तो आहेच. परंतु ती कृपा ज्या वाटेने आली ती वाट कानाची होती. कित्येक वर्षे ज्याने एका घरात बसून एकच वाणी ऐकली, त्याच्या तोंडून तीच वाणी निघाली. नाथांच्या मुलीचा मुलगा मुक्तेश्वर, ज्याने पुढे महाभारताची पर्वे मराठीत आणली, तोही ह्याच घराचा.

आता जाता जाता घरचेच सांगतो. इ.स. २०२० मध्ये महामारीमुळे पायी वारी झाली नाही. माउलींच्या, तुकोबांच्या पादुका बसने पंढरीस गेल्या आणि आपण सगळे घरी बसलो. माझी कीर्तने बंद, मुलाचे काम सुटलेले, घरात कोणी कोणाशी धड बोलेना. म्हणून संध्याकाळी एकनाथी भागवत लावले. वाचणारा मीच. यदू-अवधूत संवादातली कपोताची कथा आली. जाळ्यात पिले अडकली, त्यांच्यामागे कपोती गेली, त्यांच्या मोहाने कपोतही गेला. मी समासाचा विग्रह सांगत बसलो, प्रमाणे देत बसलो. नातू उठून गेला, सुनेला डुलकी लागली, मुलगा भिंतीकडे बघत राहिला. मग माझी म्हातारी आई, अक्षरशत्रू बाई, तिने तीच कथा आपल्या बोलीत नातवाला हाक मारून सांगितली. सांगता सांगता मुलगा तिच्याजवळ सरकला. आपल्या काळजीविषयी तो महिनाभरात पहिल्यांदा बोलला, ते त्या रात्री.

दुसऱ्या दिवशी मी पोथी नातवाकडे दिली. तो अडखळत ओवी वाची, आई अर्थ सांगे, अडले तर मला विचारीत. अडत फार थोडे. मी तोवर हरिपंडितांची कथा शेकडो वेळा लोकांना सांगितली होती, स्वतःला एकदाही सांगितली नव्हती. आई आता नाही. पण संध्याकाळी पोथी सुटते.

तेव्हा माळकरी बंधुभगिनींनो, घरी आजार असो, कर्ज असो, पेरणीची घाई असो, पोथी पुढल्या निवांत दिवसावर टाकू नका. तो दिवस कोणाच्या प्रपंचात येत नाही. वेळ एकच ठरवा. पाच ओव्या पुरेत. वाचणारा रोज बदलावा, पोराने चुकत वाचले तरी मध्येच टोकू नये. अर्थ घरात बोलतो त्या शब्दांत सांगावा, आणि घरातल्या सगळ्यांत कमी कळणाऱ्याला कळला की त्या दिवशीची पोथी बांधावी. कोण जाणे, कोपऱ्यात पुरणपोळी खात बसलेला गावबा आपल्याही घरी असेल.

रामकृष्णहरी.