कोलंबियातले पहिले दिवस

विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त ही स्मरणिका निघत आहे. त्यात आम्ही परमपूज्य बाबासाहेबांच्या जीवनावर चार शब्द लिहावेत, असा मंडळाचा आग्रह पडला. आम्ही गिरणीकामगार. शाळा मधातच सुटली. जे काही शिकलो ते रातपाळी करून आल्यावर विहाराच्या कपाटातली पुस्तके वाचून. बाबासाहेबांचे सारे चरित्र या दोन पानांत मावणार नाही, म्हणून आम्ही त्यातले एकच प्रकरण घेतो. पदवी झाल्यावर पुढच्या शिक्षणाला ते परक्या मुलखात गेले, तेव्हाचे त्यांचे पहिले दिवस. हेच प्रकरण काहून घेतले, ते शेवटी सांगतो.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे सुभेदार रामजींच्या घरी बाबासाहेबांचा जन्म झाला. १९०७ साली ते मॅट्रिक झाले आणि पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले. जानेवारी १९१३ मध्ये बडोद्याच्या नोकरीवर रुजू होतात न होतात तोच वडील आजारी पडले आणि २ फेब्रुवारीला वारले. ज्या बापाने कर्ज काढून पोराला पुस्तके आणून दिली, तो बाप गेला. घरात रमाई आणि तान्हा यशवंत. अशा वेळी आपल्यापैकी कोणीही काय म्हटले असते? आता शिक्षण पुरे, घर सांभाळ.

पण बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड काही विद्यार्थ्यांना अमेरिकेत पाठवणार होते. बाबासाहेब त्यांना जाऊन भेटले आणि त्यांची निवड झाली. ४ जून १९१३ रोजी करारावर सही झाली. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परत आल्यावर बडोदा संस्थानात दहा वर्षे नोकरी. म्हणजे ही काही खैरात नव्हती. पुढच्या दहा वर्षांचे आयुष्य गहाण ठेवून त्यांनी ते शिक्षण घेतले, ही गोष्ट आपल्या पोरांना नीट सांगितली पाहिजे.

जुलै महिन्यात बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले. वय अवघे २२. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात त्यांनी मुक्काम टाकला. तिथले अर्धेकच्चे जेवण त्यांना मानवेना. आठवडाभरात त्यांनी ती जागा सोडली आणि ते कॉस्मोपॉलिटन क्लबात राहायला गेले. पुढे लिव्हिंगस्टन हॉलमध्ये नवल भथेना नावाच्या पारशी विद्यार्थ्याबरोबर खोली घेतली. ही मैत्री जन्मभर टिकली. पुढे लंडनच्या अपुऱ्या राहिलेल्या शिक्षणासाठी याच मित्राने त्यांना पैसे उसने दिले.

बंधू-भगिनींनो, ही गोष्ट लहान वाटते, पण लहान नाही. जगातला एवढा मोठा विद्वान पहिल्या आठवड्यात जेवणाखाण्याने बेजार झाला आणि जागा बदलत फिरला. त्याहून पुढची गोष्ट अशी की, सुरुवातीचे काही महिने त्यांचेही मन अभ्यासात बसले नाही. नवे शहर, नवे सोबती, खेळ आणि गप्पा. शाळेत ज्याला गोणपाटावर वेगळे बसवले, त्याच्यासोबत इथे सारे एका टेबलावर जेवत होते. विटाळ मानणारे कोणी नव्हते. त्या मोकळ्या हवेत पोरगं चार दिवस हरखून गेलं, तर त्यात नवल काय? आपले लोक बाबासाहेबांना पहिल्या दिवसापासून महामानव करून टाकतात. आम्हाला वाटते, त्याने त्यांच्या कष्टाची किंमत कमी होते.

मग एक वेळ अशी आली की, त्यांचे त्यांनाच उमगले. आपण कोणाच्या भरवशावर आलो, कोणाला मागे ठेवून आलो, हे ध्यानात आले आणि त्या दिवसापासून तो माणूस बदलला. विद्यापीठाचे मोठे ग्रंथालय तेव्हा लो लायब्ररीच्या इमारतीत होते. तेच त्यांचे घर झाले. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ असे अभ्यासक्रम त्यांनी घेतले. शिवाय फ्रेंच आणि जर्मनची सुरुवात केली. सेलिग्मन, जॉन ड्यूई यांच्यासारखे गुरू लाभले. पोटाला चिमटा घेऊन जुनी पुस्तके घेतली आणि त्यातूनही रमाईला घरखर्चाला पैसे धाडले. लाला लजपतराय न्यूयॉर्कला आले, त्यांनी या हुशार तरुणाला राजकारणात ओढून पाहिले. पण आधी शिक्षण, असे ठरवून बाबासाहेब बाजूला राहिले.

१९१५ साली ते एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या अभ्यासवर्गात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. त्याच वर्षी प्रबंध देऊन ते लंडनला गेले. हा प्रबंध वाढवून १९२५ साली पुस्तक छापले आणि ते सयाजीरावांना अर्पण केले. प्रबंध छापून दिल्याशिवाय कोलंबियात पीएच.डी. मिळत नसे. ती पदवी हाती आली जून १९२७ मध्ये. म्हणजे कोलंबियाच्या पहिल्या दिवसापासून १४ वर्षांनी!

आणि त्याच १९२७ साली, १३ नोव्हेंबरला, हे डॉक्टर आंबेडकर आपल्या अमरावतीत आले. अंबादेवी मंदिर प्रवेशाचा प्रश्न तापलेला होता. इंद्रभुवन थिएटरमध्ये वऱ्हाडच्या अस्पृश्य बांधवांची परिषद भरली, बाबासाहेब अध्यक्ष होते. तिथेच त्यांना भाऊ बाळाराम वारल्याची बातमी कळली. घरात मौत असताना ते समाजाच्या कामाला उभे राहिले. वडील गेले तेव्हा ते शिक्षणाला गेले, भाऊ गेला तेव्हा ते आपल्यासाठी वऱ्हाडात होते. न्यूयॉर्कला शिकलेले ज्ञान असे आपल्या दारापर्यंत आले.

आता हे प्रकरण काहून घेतले, ते सांगतो. आम्ही अकोल्याचे. काही वर्षांमागे आमच्या वस्तीतला एक पोरगा बी.ए. होऊन पुढच्या शिक्षणाला बाहेरगावी गेला. नव्या विद्यार्थ्यांच्या पहिल्या सभेत सारे इंग्रजीतून बोलले, याला काही उमजलं नाही. खोली मिळाली नाही, मेसचं जेवण लागलं नाही. आठ दिवसांत मूर्तिजापूरवरून गाडी बदलत परत आला आणि जिनिंगमध्ये कामाला लागला. आम्ही त्याला काही बोललो नाही. रोजी सुरू झाली, बरं झालं, असंच आम्हाला वाटलं. ही आमची चूक आजही मनाला खाते.

यंदा आमच्या अभ्यासिकेतली एक मुलगी अमरावतीला एम.ए.ला गेली. तीही चार दिवसांत परत आली, डोळे सुजलेले. या वेळी आम्ही गप्प बसलो नाही. बाबासाहेबांनी आठवडाभरात वसतिगृह बदलले, ते पळून आले नाहीत, एवढं तिला सांगितलं. सोमवारी पहाटे तिच्यासोबत एसटीने अमरावतीला गेलो, दुसरी खोली पाहून दिली आणि विद्यापीठाच्या फाटकापर्यंत सोडून आलो.

आत ती एकटीच गेली. आत तर एकट्यानेच जावं लागतं. पण फाटकापर्यंत कोणीतरी सोबत पाहिजे. विहाराच्या मंडळाला आमची हात जोडून विनंती आहे. जयंतीच्या वर्गणीतून थोडा पैसा बाजूला काढावा आणि पुढच्या शिक्षणाला जाणाऱ्या प्रत्येक लेकरासोबत पहिल्या दिवशी वस्तीतला एक माणूस धाडावा. बाबासाहेबांसोबत न्यूयॉर्कला आपल्यापैकी कोणी जाऊ शकले नाही. अकोल्याहून अमरावतीला तर आपण जाऊ शकतो.

जय भीम!