निराधार अर्भकांचे आश्रयदाते : रावबहादूर लालशंकर उमियाशंकर

लाखो भाविकांची माउली असलेल्या पंढरीत एके काळी जन्मदात्रीच आपल्या बाळाला पारखी होत असे. विधवाविवाहास १८५६ साली कायद्याची संमती मिळाली. समाजाची मात्र मिळाली नव्हती. यात्रेच्या निमित्ताने आलेल्या तरुण विधवा येथे गुपचूप प्रसूत होत आणि लोकलज्जेपायी अर्भकाचा बळी जाई.

गुजरातचे सुपुत्र लालशंकर उमियाशंकर त्रवाडी (१८४५-१९१२) न्यायखात्याच्या सेवेत पंढरपुरास आले. कायदा अपराध्यास शासन करू शकतो, अर्भकास दूध पाजू शकत नाही, हे त्यांनी जाणले. पुण्यात महात्मा फुले दांपत्याने १८६३ साली घालून दिलेला आदर्श समोर होताच. १८७५ साली त्यांनी पंढरपुरात बालहत्या प्रतिबंधक गृह स्थापिले. आईची अब्रू व बाळाचा प्राण, दोन्ही राखणे हा त्याचा हेतू होता. लगेच १८७६-७८ च्या भीषण दुष्काळात सोलापूर जिल्हा होरपळला आणि अनाथाश्रमाची निकड अधिकच भासली. पुढे मुंबईच्या प्रार्थना समाजाने हे कार्य सांभाळले. लालशंकरांनी १८९२ साली अहमदाबादेतही महीपतराम रूपराम अनाथाश्रम उभारला.

मतिमंद मुलांसाठी मुंबईत जय वकील शाळा निघाली ती १९४४ साली. त्याआधी जवळजवळ सात दशके आपल्या जिल्ह्यात हा दीप लागला होता. ज्याला स्वतःचे गाऱ्हाणे मांडता येत नाही, त्याला क्षणिक दया पुरत नाही. कायमचे छप्परच लागते. संस्था उभारणाऱ्यांना त्यांच्या जीवनाने दिलेला हा धडा आहे.