रंगस्वामी नरसिंहन
रंगस्वामी नरसिंहन (१७ एप्रिल १९२६ – ३ सप्टेंबर २००७) हे भारतीय संगणकशास्त्रज्ञ होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेल्या ‘टिफ्रॅक’ या संगणकाच्या उभारणीचे नेतृत्व त्यांनी केले. भारत सरकारने १९७७ मध्ये त्यांना पद्मश्री देऊन गौरविले.

शिक्षण

नरसिंहन यांचा जन्म मद्रास येथे झाला. गिंडी अभियांत्रिकी महाविद्यालयातून दूरसंचार अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते अमेरिकेस गेले. तेथे त्यांनी कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये विद्युत अभियांत्रिकीचा व इंडियाना विद्यापीठात गणिताचा उच्च अभ्यास केला. १९५४ मध्ये ते होमी भाभा यांच्या संस्थेत रुजू झाले.

टिफ्रॅक

त्या वेळी दादर-गिरगावच्या शाळा-महाविद्यालयांतून ‘संगणक’ हा शब्दही रुळलेला नव्हता. परदेशी यंत्र विकत आणणे हा सोपा मार्ग होता. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने १९५५ मध्ये तो पत्करलाही. नरसिंहन यांच्या गटाने मात्र यंत्र स्वतः बांधायचे ठरविले. गटातील बहुतेकांना या कामाचा पूर्वानुभव नव्हता. म्हणून प्रथम एक लहान प्रायोगिक यंत्र करून पाहण्यात आले व ते १९५६ मध्ये चालू झाले. मोठे यंत्र १९६० मध्ये कुलाब्यात कार्यान्वित झाले आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले.

या यंत्रात सुमारे २,७०० निर्वात नलिका, १,७०० जर्मेनियम डायोड व १२,५०० रोधक होते. स्मृती फेराइटच्या सूक्ष्म कड्यांची असून तीत प्रत्येकी ४० अंकांचे (द्विमान) २,०४८ शब्द मावत. कार्यक्रम छिद्रित कागदी फितीवरून आत जात व उत्तरे दूरमुद्रकावर उमटत.

अशा यंत्रातील दोष शोधणे ही स्वतंत्र विद्याच होती. टिफ्रॅकला आजच्यासारखी संचालन प्रणाली नव्हती, फाइलही नव्हत्या. फीत हीच फाइल. उत्तर चुकले की चूक कार्यक्रमात आहे, फितीवरील एखाद्या छिद्रात आहे की यंत्रात, हा पहिला प्रश्न पडे. फेराइट कड्यातील माहिती वाचताच पुसली जाते, म्हणून प्रत्येक वाचनानंतर ती पुन्हा लिहावी लागते. पुनर्लेखनाच्या मंडलातील एखादी नलिका क्षीण झाली, तर माहिती बोभाटा न होता नाहीशी होते आणि चूक उघडकीस येते ती भलत्याच ठिकाणी, पुष्कळ वेळाने. आजच्या संचालन प्रणालीच्या गाभ्यात फाइल-व्यवस्थेचे दोष हुडकणाऱ्यांनाही नेमका हाच त्रास होतो. दोष अधूनमधूनच दिसत असेल तर काम आणखी बिकट होई. त्या पिढीच्या यंत्रांत यासाठी विद्युतदाब मुद्दाम थोडा कमी-अधिक करून क्षीण भाग आधीच उघडे पाडण्याची रीत होती.

टिफ्रॅक तयार होईपर्यंत परदेशांत ट्रान्झिस्टरची यंत्रे आली होती. यंत्र म्हणून ते जन्मतःच मागे पडले होते, हा आक्षेप खरा आहे. पण यंत्र उघडून दुरुस्त करू शकणारी माणसे त्यातून तयार झाली; विकतच्या यंत्राने हे साधले नसते. १९६४ मध्ये संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा अमेरिकी संगणक आला. त्याला स्वतःची संचालन प्रणाली होती, अर्थात दोष शोधणाऱ्याच्या संशयितांत आणखी एकीची भर पडली.

पुढील कार्य

१९६० च्या दशकाच्या आरंभी नरसिंहन यांनी इलिनॉय विद्यापीठात काम केले. बुद्बुद-कोष्ठातील कणांच्या छायाचित्रांचे वाचन यंत्राकरवी करण्यासाठी त्यांनी चित्रांना व्याकरण लावण्याची पद्धत मांडली. प्रतिमा-ओळखीच्या या शाखेचे ते एक आद्य प्रवर्तक मानले जातात.

कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडियाचे ते पहिले अध्यक्ष होते. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या शासकीय सीएमसी कंपनीचे पहिले अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. आयबीएमने १९७८ मध्ये भारतातील कारभार आवरला, तेव्हा देशभर विखुरलेल्या तिच्या संगणकांची देखभाल याच कंपनीने अंगावर घेतली. टाटा संस्थेतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर विकास केंद्राचेही ते संचालक होते. हे केंद्र १९८५ मध्ये वेगळे होऊन एनसीएसटी या नावाने जुहूला गेले व पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाले.

उत्तरायुष्यात त्यांचे लक्ष यंत्राकडून भाषेकडे वळले. मूल भाषा कसे शिकते आणि मौखिक परंपरा व साक्षरता यांत फरक कोणता, या विषयांवर त्यांनी इंग्रजीत ग्रंथ लिहिले. बंगळूर येथे त्यांचे निधन झाले.