लिओनार्ड ऑयलर : पाळकाचा मुलगा, गणिताचा सेवक

स्वित्झर्लंडमधील बासेल शहरी १५ एप्रिल १७०७ रोजी लिओनार्ड ऑयलर यांचा जन्म झाला. वडील पौल हे रिफॉर्म्ड मंडळीचे पाळक, तर आईही पाळकाची मुलगी. मुलानेही सेवाकार्यात यावे अशी वडिलांची इच्छा होती. परंतु प्राध्यापक योहान बर्नुली यांनी मुलाची बुद्धी ओळखून वडिलांचे मन वळविले. ऑयलर व्यासपीठावर गेले नाहीत. वडिलांचा विश्वास मात्र त्यांनी सोडला नाही.

१७२७ साली ते रशियातील सेंट पीटर्सबर्गला गेले. तेथे आजारपणानंतर त्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. १७४१ पासून २५ वर्षे ते बर्लिनमध्ये होते. राजा दुसरा फ्रेडरिक त्यांच्या एका डोळ्यावरून थट्टा करी, आणि त्याच्या दरबारात धर्माची टिंगल करणारेही पुष्कळ होते. तरी १७४७ मध्ये ऑयलर यांनी देवाच्या प्रकटीकरणाचे समर्थन करणारी पुस्तिका छापली. घरी ते मुलामाणसांना जमवून पवित्र शास्त्रातील अध्याय वाचीत.

१७६६ मध्ये ते पुन्हा रशियात आले आणि दुसऱ्या डोळ्यात मोतीबिंदू वाढला. १७७१ साली शस्त्रक्रियेने थोडे दिवस दिसू लागले, मग पुन्हा अंधार झाला. त्याच वर्षी आगीत घर जळाले. पेटर ग्रिम नावाच्या बासेलच्याच माणसाने त्यांना खांद्यावर घेऊन बाहेर काढले. १७७३ मध्ये पत्नी काथारिना वारली. तेरा मुलांपैकी पाचच लहानपण ओलांडून वाढली होती.

याच काळातले त्यांचे एक काम आपण पाहू. ज्या संख्येला १ आणि ती स्वतः यांवाचून कशानेही निःशेष भाग जात नाही, ती मूळ संख्या. ३१ वेळा २ घेऊन गुणाकार करावा व त्यातून १ वजा करावा, म्हणजे २,१४,७४,८३,६४७ ही संख्या येते. फ्रेंच मठवासी मेर्सेन यांनी १६४४ मध्ये ही मूळ संख्या असल्याचे सांगितले होते. पण त्यांच्याच यादीतील काही संख्या पुढे चुकीच्या ठरल्या. सांगणे निराळे, सिद्ध करणे निराळे.

ही संख्या विभाज्य असेल, तर ४६,३४० च्या आतील एखाद्या मूळ संख्येने तिला भाग गेलाच पाहिजे. अशा संख्या सुमारे ४,८०० आहेत. ऑयलर यांनी दाखविले की, भाग जाणाऱ्या मूळ संख्येला ६२ ने भागल्यास बाकी १ च उरली पाहिजे आणि ८ ने भागल्यास १ किंवा ७. या दोन कसोट्यांनी तपासायच्या संख्या शंभराच्या आत आल्या. एकीनेही भाग जात नाही, हे त्यांनी १७७२ मध्ये दानिएल बर्नुली यांना पत्राने कळविले. पुढे कित्येक दशके ज्ञात मूळ संख्यांत हीच सर्वांत मोठी होती.

दृष्टी गेल्यावर त्यांचे काम थांबले नाही. बीजगणिताचे पुस्तक त्यांनी तोंडी सांगून लिहवून घेतले. एकूण लिखाणाचा जवळजवळ निम्मा भाग या शेवटच्या वर्षांतला आहे. १८ सप्टेंबर १७८३ रोजी, शेवटच्या दिवसापर्यंत गणित करीत, ते देवाघरी गेले.

शब्बाथशाळेतील एखादा चौकस मुलगा पुरावा मागू लागला, तर आपण त्याला दटावू नये. कसून तपासणारी बुद्धी आणि देवावर विसंबणारे मन एकाच माणसात कसे नांदते, हे त्याला ऑयलर यांच्या चरित्रातून दाखवावे.