विश्लेषण : हृदयाची ‘इको’ तपासणी कुणामुळे आली? जहाजबांधणीशी तिचा काय संबंध?

दम लागतो, पायावर सूज येते, अशी तक्रार घेऊन गेले की डॉक्टर ‘इको’ करायला सांगतात. हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला महागडे उपकरण बसवायचे की नाही, हे ठरवतानाही इकोचा अहवाल पाहिला जातो. या तपासणीचे जनक मानले जाणारे स्वीडिश हृदयरोगतज्ज्ञ इंगे एडलर कोण होते?

अडचण काय होती?

एडलर यांचा जन्म १७ मार्च १९११ चा. दक्षिण स्वीडनमधील लुंड येथे शिकून ते तिथेच हृदयरुग्णांची तपासणी करू लागले. अरुंद झालेली मायट्रल झडप शस्त्रक्रियेने रुंद करणे तेव्हा नुकते सुरू झाले होते. झडप नुसती अरुंद असेल तर रुग्णाला आराम पडे; पण ती गळकीही असेल तर शस्त्रक्रियेने त्रास वाढण्याचा धोका होता. छाती उघडण्यापूर्वी हा फरक खात्रीने ओळखता येत नव्हता.

जहाजाचे यंत्र हृदयापर्यंत कसे आले?

रडारसारखे तंत्र हृदयासाठी वापरता येईल का, अशी विचारणा एडलर यांनी तरुण भौतिकशास्त्रज्ञ हेलमुथ हर्ट्झ यांच्याकडे केली. हर्ट्झ यांनी अल्ट्रासाऊंडचा पर्याय सुचवला. माल्मोच्या कॉकम्स जहाजबांधणी कारखान्यात धातूतील दोष शोधण्यासाठी असे यंत्र होते. पुढे सीमेन्स कंपनीकडून एक यंत्र उसने मिळाले आणि २९ ऑक्टोबर १९५३ रोजी दोघांनी हृदयाच्या हालचालींचा पहिला आलेख घेतला.

यश लगेच मिळाले का?

नाही. आलेखातील ठळक हलती रेषा डाव्या कर्णिकेच्या भिंतीची असावी, असे आधी वाटले. मृत्यूनंतरच्या तपासणीशी पडताळल्यावर ती मायट्रल झडपेच्या पडद्याची असल्याचे कळले. हा पडदा किती वेगाने मिटतो, यावरून झडप किती अरुंद आहे याचा अंदाज येऊ लागला. १९७७ मध्ये एडलर आणि हर्ट्झ यांना लास्कर पुरस्कार मिळाला. ७ मार्च २००१ रोजी एडलर यांचे निधन झाले.

आज त्याचे महत्त्व काय?

उपचार कुणाला लागू पडेल, हा एडलर यांचाच प्रश्न आज ‘सीआरटी’ या पेसमेकरबाबत विचारला जातो. हृदयाच्या भिंती एका वेळी आकुंचन पावत नसतील, तर हे उपकरण दोन्ही जवनिकांना विद्युत संकेत देऊन त्यांचा मेळ साधते. मात्र, सुमारे एक तृतीयांश रुग्णांना अपेक्षित फायदा होत नाही.

भिंतींमधील हा बेमेळ इकोवर दिसतो. त्यामुळे इकोवरूनच रुग्ण निवडता येतील, अशी आशा होती. २००८ च्या ‘प्रॉस्पेक्ट’ अभ्यासात इकोची १२ मोजमापे तपासली गेली. एकही पुरेसे भरवशाचे ठरले नाही. २०१३ च्या ‘इको-सीआरटी’ चाचणीत ईसीजीतील क्यूआरएस लहर अरुंद, पण इकोवर बेमेळ दिसणारे रुग्ण घेतले होते. त्यांना लाभ तर झाला नाहीच, उलट उपकरण सुरू ठेवलेल्या गटात मृत्यू अधिक झाले.

मग निर्णय कसा होतो?

हृदयाची पंपिंग क्षमता ३५ टक्के किंवा त्याहून कमी आहे का, हे प्रामुख्याने इको सांगतो. विद्युत संकेताला किती उशीर होतो, हे ईसीजी दाखवतो. औषधे घेऊनही लक्षणे टिकून आहेत का, हेही पाहिले जाते. त्यामुळे केवळ इकोच्या अहवालावरून हे उपकरण बसवण्याचा निर्णय होत नाही.